फसलेल्याला बोल, फॉरवर्ड करणाऱ्याला अभय

ऑक्टोबर २०२१ मध्ये घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरत होता. टाटा समूहाला दीडशे वर्षं पूर्ण झाली, त्यानिमित्त चार प्रश्नांची उत्तरं द्या आणि नेक्सॉन ईव्ही ही विजेवर चालणारी गाडी जिंका. टाटा समूहाने लगेच जाहीर केलं की ही योजना आमची नाही. लिंक उघडू नका आणि पुढेही पाठवू नका. खरं तर त्याआधी एक साधी वजाबाकी कुणालाही करता आली असती. जमशेटजी टाटांनी व्यवसाय सुरू केला तो १८६८ साली, म्हणजे दीडशे वर्षं २०१८ मध्येच भरली होती. २०२१ च्याच मार्चमध्ये ॲमेझॉनच्या तिसाव्या वर्धापनदिनाचा असाच मेसेज आला होता. ती कंपनी १९९४ ची. २०२१ मध्ये तिचं सत्ताविसावं वर्ष होतं.

ही वजाबाकी न जमणारी माणसं आपल्या ग्रुपांत नव्हती. निवृत्त मुख्याध्यापक होते, बँकेत हयात घालवलेले काका होते, इंजिनिअर झालेली भाचरं होती. तरी कुणी आकडा तपासला नाही, कारण तो मेसेज कुणाच्याच मनाने टाटांकडून आलेला नव्हता. तो आत्याकडून आला होता. आत्या खोटं कशाला पाठवेल?

या सगळ्या धंद्याचं भांडवल हेच आहे. ठगाला आपला पत्ता माहीत नसतो, आपला विश्वास तर त्याच्याकडे मुळीच नसतो. तो विश्वास त्याला आपण पुरवतो, आणि तोही फुकट.

त्या पानावर नेमकं काय घडतं ते जरा जवळून पाहू. लिंक उघडली की कंपनीचं बोधचिन्ह दिसतं, अभिनंदनाचा मजकूर येतो, कोपऱ्यात वेळ उलटी धावत असते. प्रश्न अगदी सोपे असतात: तुम्हाला आमची कंपनी माहीत आहे का, तुमचं वय काय, तुम्ही स्त्री की पुरुष. मग पडद्यावर भेटवस्तूंचे डबे मांडले जातात. पहिल्या डब्यात काही निघत नाही. दुसऱ्यातही नाही. मग मोबाइल निघतो किंवा गाडी निघते. डबे कुणीही, कितीही वेळा उघडले तरी शेवटी बक्षीस निघणारच अशीच त्या पानाची बांधणी असते. आधीचं अपयश मुद्दाम घातलेलं असतं, म्हणजे नंतरचं यश आपल्या नशिबाचं वाटावं. खाली लोकांच्या प्रतिक्रिया असतात, 'मला कालच मिळालं' वगैरे. त्याही पानातच छापलेल्या असतात, तिथे कुणी काही लिहिलेलं नसतं.

आणि मग येते शेवटची अट. बक्षीस हवं असेल तर हा मेसेज पाच ग्रुपांना किंवा वीस मित्रांना पाठवा. प्रत्येक वेळी पाठवलं की एक निळी पट्टी थोडी पुढे सरकते. ती पट्टी पूर्ण भरल्यावर कधी नको त्या ॲपकडे ढकललं जातं, कधी जाहिरातींच्या जाळ्यात, कधी नाव, पत्ता, बँक, कार्ड असं सगळं विचारणाऱ्या फॉर्मकडे. गाडी कुणाच्याच दारी येत नाही. पण तोवर ठगाचं काम झालेलं असतं, कारण तो मेसेज आता वीस नव्या घरांत पोहोचलेला असतो, आणि प्रत्येक घरात एका ओळखीच्या माणसाच्या नावाने.

म्हणून मला वाटतं, या फसवणुकीचा न्याय करताना आपण माप उलटं धरलं आहे. जो फसला त्याला आपण 'एवढं कळत नाही का' म्हणून घालूनपाडून बोलतो. ज्याने न वाचता, न तपासता तो मेसेज ग्रुपवर टाकला त्याला कुणी काही विचारत नाही. तोही हात झटकतो: 'मी फक्त फॉरवर्ड केलं.' फसणं हा अपघात आहे. पुढे पाठवणं ही कृती आहे. अंगठ्याने केलेली असली, तरी ती केलेली असते आणि तिची जबाबदारी करणाऱ्यावर येते.

कुणी म्हणेल, त्यात वाईट हेतू नसतो. मान्य आहे. उलट हेतू चांगलाच असतो: खरं निघालं तर कुणाचं तरी भलं होईल, खोटं निघालं तर आपलं काय जातंय? या दुसऱ्या अर्ध्या वाक्यातच खोट आहे. आपलं काही जात नाही हे खरं, पण ज्याचं जायचं त्याचं जातं. जुन्या पिढीला संतोषी मातेच्या नावाची पोस्टकार्डं आठवत असतील. इतक्या जणांना हाताने लिहून पाठवा, भलं होईल. न पाठवाल तर अरिष्ट येईल. निदान तेव्हा कार्डाला पैसे पडत आणि लिहायला हात दुखत. आज हात दुखत नाही आणि पैसाही पडत नाही, म्हणून मनालाही काही टोचत नाही. भीतीच्या जागी लोभ आला, इतकाच फरक. साखळी तशीच चालू आहे आणि तिची कडी व्हायला आपण तितकेच तयार आहोत.

या साखळीचं सर्वांत क्रूर रूप म्हणजे 'कौन बनेगा करोडपती'च्या नावाची लॉटरी. अमिताभ बच्चन यांचा फोटो, शेजारी पंतप्रधानांचा, कधी अंबानींचा, खाली शिक्का आणि सही. 'ऑल इंडिया सिम कार्ड लकी ड्रॉ'मध्ये तुमच्या नंबरला पंचवीस लाख लागले आहेत, सोबत आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप, आणि फोन फक्त व्हॉट्सॲपवरूनच करायचा अशी ताकीद. साधा फोन का नको? कारण यातले कितीतरी नंबर ९२ ने सुरू होणारे, पाकिस्तानचे असतात. साध्या फोनवर माग लागणं सोपं आणि खर्चही आपल्या नजरेत येणारा. तो कार्यक्रम २००० सालापासून आपण बघतो आहोत. तिथे प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय रुपया मिळत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तरी माणसं फोन करतात, कारण घरात मुलीचं लग्न ठरलेलं असतं, नाहीतर नवऱ्याच्या आजारपणाचं कर्ज डोक्यावर असतं, आणि दारात पंचवीस लाख उभे असतात.

मग सुरू होतो खरा खेळ. आधी प्रक्रियेचा खर्च म्हणून काही हजार, समजा आठ. मग जीएसटी. मग बँक मॅनेजरची फी. माणूस थकला, मागे हटू लागला की सांगतात: तुमची रक्कम वाढली, आता पंचेचाळीस लाख झाले. पुढे पंच्याहत्तर लाख. हे आठवडे, कधी महिने चालतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पहिल्या आठ हजारांनंतर याला कळलं कसं नाही? पण आठ हजार गेल्यावर माणूस पंचवीस लाखांसाठी पैसे भरत नसतो, ते आठ हजार वाचवण्यासाठी भरत असतो. हे ज्याला समजलं तो फसलेल्याला वेडा म्हणणार नाही.

'शिकलेली माणसं फसत नाहीत' हा गैरसमज निदान आपण इंदूरकरांनी तरी बाळगू नये. जून २०१९ मध्ये मध्य प्रदेश पोलिसांच्या सायबर सेलने इथली कॉल सेंटरं उघडकीस आणली आणि ७८ जणांना अटक केली. अमेरिकेतल्या लोकांना फोन करून, तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर गुन्ह्यात सापडला आहे असं घाबरवून पैसे उकळण्याचं काम तिथे चाले. फोन करणारी पोरं आपल्याच शहरात राहणारी, पगारावर ठेवलेली, हातात दिलेला मजकूर वाचून बोलणारी. पलीकडे फसणारे अमेरिकन. ठग म्हणजे दूर कुठल्या गावातला कुणी तरी आणि बळी म्हणजे अडाणी, या दोन्ही समजुती या एका प्रकरणात गळून पडतात. फसवणूक हा आता पगार, पाळ्या आणि प्रशिक्षण असलेला उद्योग आहे. त्याच्यापुढे एकटं माणूस उभं असतं.

दुसरी गोष्ट नोव्हेंबर २०२४ ची. इंदूर क्राइम ब्रांचचे अतिरिक्त पोलीस उपायुक्त राजेश दंडोतिया यांनाच अशा टोळीचा फोन आला. आधी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगितलं, मग मुंबईत अंधेरीला तुमच्यावर गुन्हा नोंदला आहे म्हणाले. दंडोतियांनी त्यांना बोलू दिलं, सगळं रेकॉर्ड करवून घेतलं आणि लोकांसमोर ठेवलं. व्हिडिओ कॉलवर वर्दी दिसताच समोरचा गडबडला. हा फोन बक्षिसाचा नव्हता, धाकाचा होता, पण मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याला असा फोन आला, हे सांगायला त्या अधिकाऱ्याला कमीपणा वाटला नाही. फोन कुणालाही येतो. तो ओळखता आला, कारण त्यांनी तसे शंभर फोन आधी ऐकले होते. आपल्या आईने ते ऐकलेले नाहीत, आणि तिला ते ऐकवण्याचं काम आपलं आहे.

आता इन्स्टाग्रामवरचा प्रकार, कारण तरुण मुलं तिथे सापडतात आणि वर आजी-आजोबांना हसतात. आपल्या गावातलं एखादं खरं दुकान खरोखरच स्पर्धा जाहीर करतं: पान फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, एकीला साडी मिळेल. शे-दीडशे मुली खाली नावं लिहितात. ती नावं म्हणजे ठगाला आयती मिळालेली यादी. तो दुकानाचाच फोटो लावून, नावात एखादी अधोरेषा किंवा एक जादा अक्षर घालून दुसरं खातं उघडतो आणि प्रत्येकीला मेसेज टाकतो: 'तुम्ही जिंकलात. कुरिअरचे फक्त दोनशे नव्व्याण्णव रुपये पाठवा.' नावापुढची निळी खूण पाहून विश्वास टाकणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की जून २०२३ पासून ती खूण भारतात महिन्याचे पैसे भरून मिळते. खऱ्या दुकानाशी बोलायचं असेल तर आपणहून त्याच्या पानावर जावं, नाहीतर दुकानात फोन लावावा. आलेल्या मेसेजातल्या नंबरावर तर कधीच नाही.

बाकी ओळखायला फार विद्या लागत नाही. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. खऱ्या बक्षिसावरही ३० टक्के कर असतो, पण दहा हजारांच्या वरचं रोख बक्षीस देणारा तो आधी कापून घेतो आणि उरलेले हातात देतो. बक्षीस वस्तूचं असेल तर कर विजेत्याला भरावा लागू शकतो, तरी तो सरकारी खात्यात जमा होतो आणि पॅनवर नोंदला जातो, कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवर जात नाही. परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी इथून पैसे पाठवणं तर कायद्यानेच बंद आहे. म्हणजे 'लंडनची लॉटरी' लागली म्हणणाऱ्याला पैसे पाठवले, तर बक्षीस राहिलं बाजूला, आपण कायदाच मोडतो. बँकेच्या नावाने 'रिवॉर्ड पॉइंट आज संपतील' असा मेसेज आणि सोबत एपीके फाइल आली, तर तिला हातही लावू नये. ते ॲप फोनवर चढलं की येणारे ओटीपी तिकडे वाचले जातात. आणि टपाल खात्याच्या नावाची प्रश्नावली, अनुदान, बक्षीस आलं, तर एप्रिल २०२२ मध्ये खुद्द भारतीय डाकेने असे दुवे खोटे असल्याचा इशारा दिला होता, हे आठवावं.

हे सगळं कळूनही कुणी तरी फसेल. तेव्हा घर कसं वागतं, यावर पैसे परत मिळणं पुष्कळ अवलंबून असतं, हे लोकांना ठाऊक नाही. १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. तक्रार तिथे किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर जितक्या लवकर जाईल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. इथे मिनिटं मोजायची असतात. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं, की ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे कळवेपर्यंतचा प्रत्येक तास आपल्या खिशातून जातो. आणि तो तास कशात जातो? 'ह्यांना कसं सांगू', 'मुलगा काय म्हणेल', 'सून चारचौघांत बोलून दाखवेल' यात. ज्या घरात चुकीबद्दल टोमणे मिळतात, त्या घरातली बाई दोन दिवस गप्प राहते. त्या दोन दिवसांत पैसे निघून जातात. टोमणा मारणाऱ्याला वाटतं आपण शहाणपण शिकवतोय. तो त्या गप्प राहण्याची किंमत घरालाच भरायला लावत असतो.

म्हणून फसलेल्या माणसाला पहिलं वाक्य 'कसं काय फसलात' हे नसावं. 'कधी गेले, किती गेले, व्यवहाराचा नंबर दाखवा, आत्ता १९३० लावतो' हे असावं. बाकीचं बोलणं पुढच्या आठवड्यात करावं, आणि तेव्हाही मायेने.

२०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. त्यात बक्षिसाच्या फसवणुकीचा वाटा काही भागच असेल. पण रक्कम केवढीही असो, त्यातल्या कितीतरी व्यवहारांच्या मुळाशी कुणा ओळखीच्याने पाठवलेली एखादी लिंक असते, हे विसरता येत नाही.

मग करायचं काय? 'लोकांना सांगून कळत नाही' असं म्हणणाऱ्यांना मी याच शहराचं उदाहरण देईन. इथे २०१६ च्या आसपास घरोघरून ओला आणि सुका कचरा वेगळा घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा हे लोकांना जमणार नाही असं म्हणणारे पुष्कळ होते. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं. ते दंडाने झालं तितकंच शेजारणीच्या एका वाक्याने झालं: 'वहिनी, हे सुक्यात नाही, ओल्यात टाका.' त्यात अपमान नव्हता, आणि ऐकणारीला राग आला नाही. एकदा गल्लीत तसं बोलण्याची रीत पडली, की सवय बदलते. आपल्या ग्रुपांवर तशी रीत अजून पडलेली नाही. काकांनी खोटी लिंक टाकली की भाचे मनातल्या मनात हसतात आणि गप्प बसतात, कारण वडीलधाऱ्याला कसं टोकायचं? हा आदर नव्हे. आदर असेल तर त्यांना वाचवायला हवं, आणि त्यांच्या हातून दुसऱ्याचं नुकसान होऊ नये हेही बघायला हवं. 'काका, हे खोटं आहे, कंपनीने तसं जाहीर केलंय, काढून टाका बरं' एवढं नम्रपणे, नावानिशी, त्याच ग्रुपवर लिहायला काही अडचण नाही. खाजगीत लिहून उपयोग नाही. लिंक चारचौघांत पोहोचली आहे, तर दुरुस्तीही चारचौघांतच पोहोचली पाहिजे.

आणि हे काम पोलिसांवर टाकून मोकळं होता येणार नाही. इंदुरातल्या मराठी माणसाला जमण्याची जागा कमी नाही. सानंद या संस्थेचं नाटक असतं तेव्हा शेकडो माणसं एका सभागृहात बसलेली असतात, आणि त्यांतली बरीच साठीच्या पुढची. पहिल्या घंटेआधी तीन मिनिटं, एक खरा मेसेज पडद्यावर दाखवून तो खोटा कसा ओळखायचा एवढं सांगावं. गणेशोत्सवात मंडळांनी मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेला हाच विषय द्यावा, म्हणजे मुलं घरी आजीला तयारी म्हणून ऐकवतील. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायच्या वाणासोबत १९३० लिहिलेली चिठ्ठी दिली तर ती फ्रिजवर चिकटेल. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, तेव्हापासून तिचं म्हणणं साधं होतं: विरोध श्रद्धेला नाही, श्रद्धेचा फायदा घेऊन होणाऱ्या शोषणाला आहे. इथेही विरोध नात्यातल्या विश्वासाला नाही. त्या विश्वासाचा कुणी धंदा करत असेल, तर नातेवाइकांनीच तो मोडायला हवा.

एवढं करूनही कधी ना कधी आपल्यापैकी कुणाच्या हातून खोटी लिंक जाईल. तेव्हा ती गुपचूप 'डिलीट फॉर एव्हरीवन' करून सुटका मानू नये. ज्यांनी तोवर ती उघडली, माहिती भरली, पुढे पाठवली, त्यांना काहीच कळत नाही. त्यांच्या फोनवर फक्त मेसेज काढल्याची एक ओळ उरते. त्यासाठी त्याच ग्रुपवर आपल्या नावाने लिहावं लागतं: मी सकाळी पाठवलेली ती बक्षिसाची लिंक खोटी आहे. कुणी उघडली असेल तर त्यावर काही भरू नका. भरलं असेल, पैसे गेले असतील, तर मला आत्ता फोन करा, आपण मिळून १९३० ला कळवू.